नातू मोकळाच आहे

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या गावात पारावर पक्षाची बैठक झाली. मी तिथं नव्हतो, पण माझं नाव तिथं निघालं. दर निवडणुकीला बूथवर बसणारे आमचे चुलते गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे अंथरुणाला खिळलेले. आता एजंट म्हणून कुणाला बसवायचं, असा प्रश्न गावातले आमचे पुढारी (त्यांना सगळे अण्णा म्हणतात) विचारत होते. आजोबा म्हणाले, "आमचा नातू मोकळाच आहे."

बी.एस्सी. करून घरी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या माणसाला गावात हाच शब्द आहे. मोकळा.

आमचं गाव मंगळवेढा तालुक्यात, म्हणजे सोलापूर लोकसभा मतदारसंघात. मतदान ७ मे २०२४, मंगळवार. मी २१ वर्षांचा, लोकसभेला पहिल्यांदाच मत देणार होतो. उमेदवार कोणता आणि पक्ष कोणता, ते इथं लिहीत नाही. लिहिलं तर निम्मे वाचक इथंच थांबतील आणि उरलेले मला शाबासकी देतील. मला दोन्ही नको.

त्याआधी माझं राजकारण म्हणजे मोबाईल. दिल्लीत कोण काय बोललं, कोणता खासदार कुणाला काय म्हणाला, सगळं पाठ. गावातल्या आमच्या वयाच्या पोरांनाही पक्षांनी काम दिलं होतं, नाही असं नाही. सभेच्या खुर्च्या मांडायच्या, मोटारसायकल रॅलीत झेंडा धरायचा, पेट्रोलचं कूपन घ्यायचं, उमेदवार आला की पुढं होऊन व्हिडिओ काढायचा. बूथच्या आतली खुर्ची मात्र कुणी पोराला दिल्याचं मी पाहिलं नव्हतं. मलाही गुडघ्याच्या ऑपरेशनमुळेच मिळाली.

तालुक्याला एका मंगल कार्यालयात एजंटांची बैठक झाली. व्यासपीठावरचे एक वक्ते पाऊण तास युवाशक्तीवर बोलले. देशात १८-१९ वयाचे सुमारे १.८ कोटी मतदार आहेत, हा आकडा त्यांनी तीनदा सांगितला. आकडा खरा होता. मी मागं वळून हॉल बघितला. टोप्या, धोतरं, पांढऱ्या मिशा. भाषण संपल्यावर एक निवृत्त तलाठी उठले आणि वीस मिनिटांत कामाचं सगळं सांगून मोकळे झाले: मोबाईल घरी ठेवा, पहाटे सव्वापाचला हजर राहा, सीलवर सही केल्याशिवाय उठू नका, संध्याकाळी १७-सी, म्हणजे पडलेल्या मतांच्या हिशोबाचा कागद, घेतल्याशिवाय घरी जाऊ नका. मग प्रत्येकाला एक पिशवी मिळाली. त्यात मतदार यादी, पेन्सिल, खोडरबर आणि नमुना १०, म्हणजे एजंटाचं नेमणूकपत्र. त्यावर उमेदवाराची सही आधीच होती. माझं नाव मीच भरलं.

घरी आल्यावर वडिलांना पत्र दाखवलं. ते म्हणाले, "आमच्या वेळी एकवीस लागायचं. राजीव गांधींनी अठरा केलं म्हणून मला एकोणिसाव्या वर्षी मत देता आलं." ही ६१ वी घटनादुरुस्ती. वय उतरल्यावरची पहिली लोकसभा निवडणूक १९८९ची, आणि वडिलांचं पहिलं मत तेव्हाचं. कागदी मतपत्रिका, फुलीचा शिक्का. शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडला की काय, याची धाकधूक त्यांना अजून आहे. आज अठराव्या वर्षी मत देता येतं, एकविसाव्या वर्षी सरपंच होता येतं, खासदार व्हायला मात्र पंचवीस लागतात. एजंट व्हायला घरात कुणीतरी आजारी पडावं लागतं.

खरं काम यादीपासून सुरू झालं. आमच्या यादी भागात १,०८४ नावं. निवृत्त तलाठ्यांनी सांगितलं होतं की यादी एकट्यानं वाचू नका, घरातल्या म्हातारीला घेऊन वाचा. मी आजीला घेऊन ओट्यावर बसलो. आजीला अक्षर येत नाही. मी नाव वाचायचं, ती सांगायची. "मेला. दिवाळीच्या आधी." "ती जतला दिली." "हा भोसरीला. बायको इथंच हाय." "ह्यो कोण? आरं, ह्यो त्यांचा धाकला, त्येला आपण बंड्या म्हणतो, खरं नाव ह्ये व्हय?" तीन रात्री लागल्या. ज्या गावात जन्मलो त्या गावात किती माणसं आहेत, हे मला तेव्हा समजलं.

आणि किती नाहीत, हेही. तिशीच्या आतल्या जवळजवळ प्रत्येक नावापुढं माझ्या पेन्सिलीनं 'पु' लिहिलं गेलं. पुणे. चाकण, भोसरी, रांजणगाव, हिंजवडी. आमच्याकडची मालदांडी ज्वारी जगात भारी असेल, पण दक्षिण भागातल्या कोरडवाहू जमिनीवर दोन भाऊ जगत नाहीत, एक जातोच. मंगळवारची सुट्टी घेऊन २३०-२४० किलोमीटर यायचं, मत देऊन परत जायचं. मतदानासाठी पगारी सुट्टी कायद्यात आहे, कंत्राटदाराच्या वहीत नसते. आमच्या दहावीच्या वर्गातले अकरा जण पुण्याकडं होते. त्यातले चार आले.

यादी वाचत असताना समोरच्या गल्लीतली एक मुलगी येऊन उभी राहिली. बारावीचा निकाल लागायचा होता तिचा. "माझं नाव बघ रे." नव्हतं. ती जूनमध्ये अठराची होणार होती. मी मोठ्या ऐटीत तिला सांगितलं की आता वर्षातून चार तारखा असतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. तू जुलैच्या तारखेत बसशील, नाव नोंदवायचा नमुना ६ भर. तिनं विचारलं, "म्हणजे पाच आठवड्यांसाठी माझी पाच वर्षं गेली?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजी म्हणाली, "पोरगी बरोबर बोलतीया."

सात तारखेला पहाटे पाचला निघालो. मोबाईल आईच्या हातात दिला. शाळेच्या खोलीत केंद्राध्यक्ष आणि तीन मतदान अधिकारी आदल्या संध्याकाळीच एसटीनं येऊन राहिलेले. केंद्राध्यक्ष दुसऱ्या तालुक्यातले शिक्षक. डोळ्यांवरून झोप झालेली दिसत नव्हती. माझं नेमणूकपत्र घेतलं, त्यांच्यासमोर प्रतिज्ञापनावर सही करायला लावली, मग माझ्याकडं वर-खाली बघितलं. "वय?" मी सांगितलं. "बरं. बसा." अहो-जाहो केलेलं ऐकून बरं वाटलं.

आम्ही चार एजंट होतो. बसायचा क्रमही ठरलेला असतो, आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग बाकीचे, शेवटी अपक्ष. माझ्या शेजारी विरोधी उमेदवाराचे एजंट म्हणून आमच्याच शाळेतले निवृत्त गुरुजी. चौथीला त्यांनी मला पाढ्यांसाठी ओणवं केलं होतं. मी उठून उभा राहिलो, तर म्हणाले, "बस रे. इथं आपण सारखे."

साडेपाचला अभिरूप मतदान, सगळे मॉक पोलच म्हणतात. किमान ५० मतं टाकायची, प्रत्येक उमेदवाराचं बटण एकदा तरी दाबलं गेलं पाहिजे, नोटासुद्धा. एका बॅलट युनिटवर १६ बटणं असतात. आमच्याकडं उमेदवार वीसच्या वर, त्यामुळे दोन युनिटं जोडलेली. आम्ही आळीपाळीनं उठून बटणं दाबत होतो आणि गुरुजी वहीत लिहीत होते. मला विरोधकाचं बटण दाबायची पाळी आली तेव्हा बोट क्षणभर थांबलं. गुरुजी हसले. "दाब, दाब. हे पुसलं जातं."

नंतर निकाल काढला, व्हीव्हीपॅटमधल्या, म्हणजे दिलेलं मत छापून दाखवणाऱ्या यंत्रातल्या, चिठ्ठ्या मोजून जुळवल्या आणि यंत्र कोरं केलं. बेरीज शून्य दाखवून आम्हाला पडदा बघायला लावला. चिठ्ठ्यांमागं मॉक पोलचा शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात बंद केल्या. मग सील, हिरवा कागद, पट्ट्या, सह्या. यंत्रावरून मोबाईलवर शेकडो संदेश मी वाचले होते, काही पुढंही पाठवले होते. त्यातल्या एकातही हा पाऊण तास नव्हता. पहाटे साडेपाचला उठून बघायला कोण जातं म्हणा. चौथा एजंट, एका अपक्षाचा, तो तर साडेसहाला आला आणि "झालं का सगळं?" म्हणून बसला.

गुरुजींनी एकच हरकत घेतली. व्हीव्हीपॅट खिडकीजवळ ठेवलेलं होतं. "सर, हे उजेडातून हलवा. ऊन थेट पडायला नको." केंद्राध्यक्षांनी मुकाट्यानं टेबल सरकवलं. मला ते दिसलंच नव्हतं.

सातला रांग लागली. पहिला अधिकारी नाव वाचतो, आम्ही यादीत बघतो, ओळख पटली की यादीवर लाल रेघ. दुसरा शाई लावतो, रजिस्टरमध्ये सही नाहीतर अंगठा घेतो, चिठ्ठी देतो. तिसरा चिठ्ठी घेऊन यंत्र मोकळं करतो. मग लांब बीप. सकाळी ऊन चढायच्या आत बायाच जास्त होत्या. एक आजी आडोशामागून बाहेर येईना. "बाई, झालं की." "कागुद दिसला, पर हातात येईना की." सात सेकंद चिठ्ठी काचेत दिसते आणि खाली पडते, हे केंद्राध्यक्षांनी तिला दोनदा सांगितलं. तरी जाताना ती म्हणालीच, "रेशनला बी पावती देत्यात."

माझी आजी दहाला आली. मला आतल्या खुर्चीवर बघून ओळख दाखवली नाही. शाई लावून घेतली, मत दिलं आणि जाताना पदराआड हसली.

काही नावांपुढं 'पीबी', म्हणजे टपाली मतपत्रिका, लिहिलेलं होतं. ८५ वर्षांच्या पुढचे आणि मोठं अपंगत्व असलेले. लोकसभेला पहिल्यांदाच त्यांना घरी बसून मत देता आलं होतं, पथक आधीच येऊन गेलेलं. दुसरी एक यादी केंद्राध्यक्षांजवळ होती, गैरहजर, स्थलांतरित आणि मयतांची. तिच्यातला एक 'स्थलांतरित' साक्षात समोर उभा राहिला. भोसरीहून रातोरात ट्रकनं आलेला. त्याची कागदपत्रं नीट बघितली, घोषणापत्रावर सही आणि अंगठा घेतला, मग मत देऊ दिलं. "एवढ्या लांबून आलो आणि मलाच चोर ठरवताय का?" तो चिडला. गुरुजी त्याला म्हणाले, "चोर नाही रे, तुझ्या नावावर दुसऱ्यानं टाकू नये म्हणून." दीड तासात नेमकं तेच झालं.

दुपारी अडीच. बाहेर पारा चाळिशीपार, खोलीत पंखा गरम हवा फिरवतोय, रांग शून्य. माझा डोळा लागत होता. एक जण आला, चिठ्ठी पुढं केली, पहिल्या अधिकाऱ्यानं नाव वाचलं. नाव धाकट्याचं. उभा होता थोरला. दोघं भाऊ एका साच्यातले आहेत. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला ओळखपत्रावरच्या त्या काळपट फोटोत फरक कळणं अवघड. पण मी तीन रात्री आजीसोबत यादी वाचली होती. धाकटा चाकणला, त्याला सुट्टी मिळालेली नाही. थोरल्याचं नाव इथून कमी होऊन पिंपरीकडच्या यादीत गेलेलं.

आणि दोघंही आमचे. म्हणजे मत माझ्याच उमेदवाराला जाणार होतं.

नियम मला माहीत होता. एजंटानं हरकत घ्यायची, दोन रुपये भरायचे, केंद्राध्यक्ष चौकशी करतात. खोटा निघाला तर पोलिसांच्या ताब्यात. दोन रुपयांची नाणी तलाठीसाहेबांनी पिशवीत घालायला सांगितली होती, ती माझ्या खिशात होती. मी गुरुजींकडं बघितलं. गुरुजी यादीत बघत होते. त्यांना कळलं नव्हतं, असं मी आजही म्हणू शकत नाही. त्यांनी त्या दोघांनाही शिकवलंय. ते माझी वाट बघत होते. किंवा गावात सकाळ-संध्याकाळ तोंड दाखवायचं असतं, हा हिशोब त्यांचाही असेल.

दुसऱ्या अधिकाऱ्यानं शाईची बाटली उघडली. मी म्हणालो, "दादा, तुमचं पुण्यात १३ तारखेला आहे ना मतदान? आज शाई लागली तर तिकडं कसं करणार?"

एवढंच. आवाजही चढवला नव्हता. केंद्राध्यक्षांनी मान वर केली. थोरल्यानं माझ्याकडं बघितलं, चिठ्ठी उचलली. "होय की. इसरलोच," म्हणाला आणि निघून गेला. रजिस्टरवर काही चढलं नव्हतं, यादीवर रेघ पडली नव्हती. केंद्राध्यक्ष काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं गुरुजींनी पिशवीतून चिवड्याची पुडी काढून माझ्यापुढं धरली.

हे नियमाला धरून झालं का? नाही. नियमानं मी दोन रुपये टाकायला हवे होते. पण मला त्याला पोलिसात द्यायचं नव्हतं. एक मत वाया जाऊ नये एवढंच त्याच्या डोक्यात होतं, आणि धाकट्यानं फोनवर "माझं तू टाक" म्हटलं असणार. आज पुन्हा तसं झालं तर हरकत घेईन की परत पुण्याची तारीख विचारीन, मला खरंच सांगता येत नाही.

तासाभरात शाळेच्या मागच्या खिडकीशी एक पोरगं आलं. "अण्णांनी राहिलेल्यांचे नंबर मागितलेत." दोनशे मीटरच्या बाहेर आमचं टेबल होतं, आणि कोण मत द्यायचं राहिलंय ते कळलं की जीप पाठवता येते. मतदारांना गाडीतून आणणं बेकायदा आहे, हे त्या टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. केंद्राध्यक्षांनी पोराला हाकललं आणि माझ्याकडं असं बघितलं की मी यादी उलटी करून ठेवली.

संध्याकाळी सहाला दारात अजून नऊ माणसं उभी होती. मग चिठ्ठ्या वाटल्या, शेवटच्या माणसाला एक नंबर आणि तिथून पुढं. मागून कुणी घुसू नये म्हणून उलटं मोजायचं. ही युक्ती ज्यानं काढली त्यानं आयुष्यभर एसटी स्टँडवर रांगेत घालवली असणार. शेवटचं बीप सहा-वीसला. केंद्राध्यक्षांनी क्लोजचं बटण दाबलं. बेरीज ७१४.

माझ्या वहीत ७१२. मी दिवसभर पाच-पाचचे गठ्ठे केले होते, दोन कुठं निसटले ते कळेना. रजिस्टरमध्ये ७१४. गुरुजींच्या वहीत ७१४. माझे कान तापले. मोबाईल असता तर काय लिहिलं असतं मी, कुणास ठाऊक. गुरुजी म्हणाले, "अडीच ते साडेतीन बघ. डुलक्या काढत होतास." नमुना १७-सीची प्रत मिळाली, त्यावर एकूण मतं, यंत्रांचे आणि सीलचे क्रमांक. मतमोजणीला टेबलावर हाच कागद जुळवतात. मी त्याची घडी घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. यंत्रं पेट्यांत गेली, पेट्या सील झाल्या, आम्ही पुन्हा सह्या केल्या. आठच्या पुढं एसटी गेली.

बाहेर अण्णा उभे होते. कुणीतरी आधीच सांगितलं होतं.

"आपलाच माणूस होता ना रे तो?"

"होय, अण्णा."

"मग?"

मी १७-सी काढून दिला. त्यांनी बॅटरीच्या उजेडात आकडा बघितला आणि घडी न घालताच खिशात कोंबला. "पुढल्या वेळी चुलत्यालाच बसवू," म्हणाले. घरी आईनं मोबाईल दिला. १९४ मेसेज. बहुतेक शाईच्या बोटांचे फोटो, आणि चाकणवरून धाकट्याचा एक, "दादानं टाकलं का?" मी उत्तर दिलं नाही. थोरल्यानं दिलंच असेल.

४ जूनला निकाल लागला. आमच्या बूथवर आमचा उमेदवार मागं होता की पुढं, ते मला माहीत आहे, पण त्या आकड्यात ते एक मत धरलं-सोडलं तरी काही बदलत नव्हतं. अण्णांनीही पुन्हा विषय काढला नाही. पावसाळ्यात मी पाच जणांचे नमुना ६ भरले आणि आजीनं 'जतला दिली' म्हटलेल्या तिच्या भावाला नमुना ७ आणून दिला. त्यानं तो अजून भरलेला नाही; बहिणीचं नाव गावातून काढायला त्याचा हात धजत नाही म्हणे.

चुलत्यांचा गुडघा काही नीट वळेना. त्यामुळे २० नोव्हेंबरला विधानसभेच्या वेळी अण्णांनी गुमान माझ्याच हातात पिशवी दिली. या वेळी मी पाचलाच पोचलो. शाळेच्या पायरीवर कुणीतरी आधीच बसलेलं होतं, स्वेटर घालून, मांडीवर यादी, कानामागं पेन्सिल. समोरच्या गल्लीतली ती मुलगी. गुरुजींना साखरेचा त्रास वाढला होता, आणि त्यांच्या पक्षाला दुसरं कुणी मोकळं सापडलं नव्हतं.

"तू त्यांच्याकडून?" मी विचारलं.

"तू मला विचारलंस का तुमच्याकडून?"

आम्ही आत गेलो. केंद्राध्यक्ष या वेळी एक बाई होत्या. त्यांनी यंत्रं मांडली, वायरी जोडल्या आणि आम्हाला पुढं बोलावलं. मी नेमणूकपत्र बाहेर काढतो आहे तोवर ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"मॅडम, हे व्हीव्हीपॅट इथून हलवा. सात वाजता ऊन थेट याच्यावर येतं."